समोरचा कोण?

गोमती नगरात पहिल्यांदा फिरताना लक्षात राहतात ती वस्त्यांची नावं. विपिनखंड, विभूतिखंड, विवेकखंड, विनयखंड, विशालखंड. एकामागून एक 'वि'. गोमतीपलीकडचा हा लखनौचा आखीव भाग. रिझर्व्ह बँकेचं लखनौ कार्यालय इथल्या विपिनखंडात आहे आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाची नवी इमारत विभूतिखंडात. विश्वासखंड नावाचीही एक वस्ती आहे. माझ्या बहिणीचा मुलगा नोकरीसाठी नागपूरहून लखनौला गेला तो त्याच वस्तीत भाड्याने राहू लागला.

एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "मावशी, पत्रकारपुरमच्या बाजारात उभा आहे. फळवाल्याला दीडशे रुपये द्यायचेत आणि यूपीआय चालत नाहीये. खात्यात पैसे आहेत गं, पण निघतच नाहीत." दुसऱ्या दिवशी बँकेतल्या माणसाने स्क्रीनकडे बघत एवढंच सांगितलं, "आपके खाते पर डेबिट फ्रीज लगा है, साइबर वालों का." तक्रार दक्षिणेतल्या एका राज्यात नोंदवलेली होती. त्या राज्यात त्याने कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

नऊ दिवसांपूर्वी त्याने आपल्याजवळचे साधारण साडेचारशे टेथर विकले होते. टेथर म्हणजे डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो चलन. बाजारात त्याला सगळे यूएसडीटीच म्हणतात. विक्री 'पीटूपी' पद्धतीने झाली. म्हणजे नाणी एक्सचेंज, क्रिप्टोची खरेदी-विक्री घडवणारी कंपनी, अडकवून ठेवतं, घेणारा आपल्या बँकेतून थेट विकणाऱ्याच्या खात्यात रुपये पाठवतो, आणि रुपये आल्याचं विकणाऱ्याने कळवलं की नाणी सुटतात. तीन मिनिटांत चाळीस हजार आले. भाच्याने रक्कम पाहिली, बटण दाबलं, विषय संपला असं त्याला वाटलं. रक्कम बरोबर होती, पण पाठवणाऱ्याचं नाव त्याने वाचलं नव्हतं. ॲपवर घेणाऱ्याचं नाव एक होतं आणि बँकेच्या नोंदीत दुसरंच, एका बाईचं.

ती बाई फसवली गेली होती. कुणीतरी तिला धमकावून 'या खात्यात पैसे भरा' म्हणून भाच्याचा खाते क्रमांक दिला. तिने पैसे भरले, त्या पैशांच्या बदल्यात नाणी ठगाला मिळाली, आणि ठग दोघांच्याही नजरेआड झाला. तिने १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार केली, तेव्हा पैशाचा माग जिथे पोचला तिथे भाच्याचं खातं उभं होतं. त्या बाईच्या दृष्टीने चोर म्हणजे नागपूरचा हा मुलगा. मला दोघांचंही वाईट वाटतं, आणि त्या बाईचं जरा जास्तच.

क्रिप्टोच्या जगात ज्याला 'काउंटरपार्टी' म्हणतात, त्याला आपण साधेपणाने 'समोरचा' म्हणू. समोरचा कोण आहे, त्याच्यावर किती विसंबायचं, कुठल्या रकमेपर्यंत, आणि कुठे थांबून कागद मागायचे, याचे नियम हा या प्रकरणाचा विषय आहे.

हे नियम आपल्याकडे नवे नाहीत. पेशवाईत पुण्याच्या पेढ्यांवरून उत्तरेकडे आणि उत्तरेकडून पुण्याला हुंड्या चालत. पैसा थैलीतून न नेता कागदाने जाई. त्या कागदाचे प्रकार पाहिले की सावकारांनी 'समोरचा कोण' या एका प्रश्नावर किती विचार केला होता ते कळतं. धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या धन्यालाच. नामजोग हुंडी तिच्यात नाव असलेल्या माणसालाच. आणि शहाजोग हुंडी फक्त 'शहा'ला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा माणसाला. वाटेत ती कितीही हातांतून फिरली तरी पेढीवर ती घेऊन येणारा शहाच हवा. पैसे देणाऱ्याने चौकशी करायची की आलेला माणूस खरंच शहा आहे का. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे उचलणाऱ्या शहाने ते परत करायचे. पेढीवाल्याने चौकशी न करता भलत्याच्या हातात रक्कम ठेवली तर भुर्दंड त्याचा. आजच्या मराठीत 'शहाजोग' हा शब्द साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला लावतात. मुळात तो सावकारीतला भारदस्त शब्द आहे.

जवाबी हुंडी नावाचाही एक प्रकार होता. पैसे पोचले की घेणाऱ्याकडून पोचपावतीचा 'जवाब' उलट टपालाने पाठवणाऱ्याकडे यायचा. इंग्रजांनी १८८१ साली परक्राम्य संलेखांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषेतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज त्यातल्या पहिल्याच कलमाने शाबूत ठेवले. बाजाराने अनुभवातून घडवलेले नियम होते ते, आणि पाळले जात म्हणून टिकले.

बिटकॉइनने हे सगळं अनावश्यक ठरवू पाहिलं. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याचा गाभाच हा की मध्ये कुणी विश्वासू तिसरा नसताना एकाने दुसऱ्याला पैसे देता यावेत. तांत्रिक बाजूने ते साधलंही. तेच नाणं दोघांना देता येत नाही, झालेली नोंद खोडता येत नाही. पण ती सार्वजनिक वही नाण्याबद्दल बोलते, माणसाबद्दल गप्प असते. टेथर ज्या ट्रॉन जाळ्यावर मोठ्या प्रमाणात फिरतं, तिथला पत्ता 'टी' अक्षराने सुरू होणारा, ३४ अक्षरांचा असतो. त्यामागे विश्वासखंडातला नोकरदार आहे की कंबोडियातल्या कुंपणाआड चाललेला फसवणुकीचा कारखाना, हे ती ३४ अक्षरं सांगत नाहीत.

बँकांच्या जगात या प्रश्नाला एक जुनं उत्तर होतं. अमेरिकेत १९९६ पासून नियम आहे की ३,००० डॉलर किंवा त्याहून मोठी रक्कम एका बँकेतून दुसरीकडे जाताना पाठवणाऱ्याची माहितीही सोबत गेली पाहिजे. माहिती पैशाबरोबर प्रवास करते म्हणून त्याला 'ट्रॅव्हल रूल' नाव पडलं. काळ्या पैशाविरुद्ध जगभरचे निकष ठरवणारी एफएटीएफ ही संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली. भारत २०१० पासून तिचा सदस्य आहे. तिने जून २०१९ मध्ये हाच नियम क्रिप्टो कंपन्यांनाही लागू करायला सांगितलं. पाठवणाऱ्याचं नाव, त्याचा पत्ता किंवा ओळख पटवणारा एखादा तपशील, दोन्हीकडचे वॉलेट पत्ते आणि घेणाऱ्याचं नाव एवढं सोबत जायला हवं. हजार डॉलर किंवा युरोपर्यंत सवलत ठेवायची मुभा देशांना दिली. भारताने ती सवलत ठेवली नाही. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने अर्थ मंत्रालयाने क्रिप्टो कंपन्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणलं, आणि लगेच वित्तीय गुप्तवार्ता विभागाने, म्हणजे एफआययूने, मार्गदर्शक सूचना काढल्या. रक्कम पाचशे रुपयांची असो की पाच कोटींची, माहिती सोबत जायलाच हवी.

नियम एका वाक्यात सांगून झाला, पण एखाद्या एक्सचेंजच्या कम्प्लायन्सच्या, म्हणजे नियमपालनाच्या, टेबलावर बसलं की तो किती गुंतागुंतीचा आहे ते कळतं.

समजा, गोमती नगरातल्या एका ग्राहकाला आपलं थोडं बिटकॉइन दुबईतल्या एक्सचेंजमधल्या भावाच्या खात्यावर पाठवायचं आहे. तो पत्ता टाकतो. पहिला प्रश्न: हा पत्ता कुठल्या कंपनीच्या ताब्यातला आहे, की कुणाचं खाजगी वॉलेट आहे? पत्त्यावर कंपनीची पाटी नसते. म्हणून ग्राहकाला विचारावं लागतं, साखळीचं, म्हणजे त्या सार्वजनिक वहीचं, विश्लेषण करणारी साधनं लावावी लागतात, नाहीतर समोरच्या कंपनीला निरोप पाठवून 'हा पत्ता तुमचा का?' असं पुसावं लागतं. दुसरा प्रश्न: कंपनी कळली, पण ती नेमकी कोण? एकाच ब्रँडच्या नावाखाली सिंगापूर, दुबई, सेशेल्स अशा तीन ठिकाणी तीन वेगळ्या कंपन्या नोंदलेल्या असू शकतात, आणि परवाना एकीलाच असतो. तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड: तिच्याकडे आपल्या ग्राहकाचं नाव आणि ओळखपत्राचे तपशील पाठवणं सुरक्षित आहे का? नियम पाळायच्या घाईत लखनौच्या माणसाची खाजगी माहिती भलत्याच्या हाती दिली, तर तो दुसरा गुन्हा.

म्हणून प्रत्येक समोरच्यासाठी एक ओळ लिहून ठेवायची असते. कायदेशीर नाव, देश, परवाना, मालक कोण, त्यांची स्वतःची केवायसी कशी आहे, निरोप कुठल्या जाळ्यावरून घेतात, शेवटची तपासणी कधी झाली. आणि त्यापुढे निर्णय. यांच्याकडे जाणारा व्यवहार आपोआप सोडायचा. त्यांच्याकडचा उत्तर येईपर्यंत थांबवायचा. अमक्यांचा ठरावीक रकमेवर गेला की माणसाने डोळ्यांखालून घालायचा. तमक्यांशी व्यवहारच नाही. जाणाऱ्यासाठी एक नियम आणि येणाऱ्यासाठी वेगळा. हा वेगळेपणा फार महत्त्वाचा आहे, कारण साखळीवर येणारं नाणं नाकारता येत नाही. बँक चेक परत करू शकते. इथे नाणं येऊन पडतंच. एक्सचेंजच्या हातात एवढंच असतं की ग्राहकाच्या खात्यात ते जमा दाखवायचं की चौकशी होईपर्यंत होल्डवर ठेवायचं. परत पाठवायचं म्हटलं तरी धोका, कारण मोठ्या एक्सचेंजच्या ज्या सामाईक पत्त्यावरून ते निघालं त्याच पत्त्यावर टाकलं तर ते मूळ माणसाला मिळेलच याची शाश्वती नाही.

मग नावं जुळवायची. इथे आपली मराठी नावं यंत्राची परीक्षा बघतात. एका ठिकाणी लक्ष्मीकांत 'एक्स'ने लिहिलेला, दुसरीकडे 'के-एस-एच'ने. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन शब्द. पासपोर्टवर आडनाव आधी. परदेशातल्या एक्सचेंजवर वडिलांचं नाव गाळलेलं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचं एक खातं माहेरच्या नावाने आणि दुसरं सासरच्या. कसोटी अक्षराला अक्षर लावली तर प्रामाणिक माणसांचे व्यवहार दिवसभर अडकत राहतील. फार सैल ठेवली तर भाच्याच्या बाबतीत झालं तसं बाईच्या नावाने आलेले पैसे पुरुषाच्या नावावर खपतील. माझ्या मते नावाच्या स्पेलिंगमध्ये ढिलाई चालेल, माणूस बदलला तर मुळीच नाही. ही सीमारेषा कुणीतरी जबाबदार माणसाने आखायची, लिहायची आणि तिच्याखाली सही करायची असते. भारतीय कायद्यात हे काम ज्याच्याकडे येतं त्याला प्रिन्सिपल ऑफिसर म्हणतात. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल एफआययूकडे त्याच्यामार्फत जातो, आणि तो गेल्याचं ग्राहकाला कळवायची मनाई आहे.

सगळे देश एकाच दिवशी जागे झाले नाहीत, ही यातली आणखी एक अडचण. एका देशात नियम लागू, शेजारच्यात नाही. मग इकडून पाठवलेल्या निरोपाला तिकडे उत्तर द्यायला कुणी नाही. जाणकार याला 'सूर्योदयाचा प्रश्न' म्हणतात, कारण सूर्य प्रत्येक गावात वेगळ्या वेळी उगवतो. जून २०२५ पर्यंत ट्रॅव्हल रूलचा कायदा केलेल्या किंवा करत असलेल्या देशांची आणि प्रदेशांची संख्या एफएटीएफने ९९ सांगितली. तोपर्यंत नियम सांगून सहा वर्षं झाली होती.

भारताने या बाबतीत कडक पाऊल उचललं ते २८ डिसेंबर २०२३ ला. इथल्या ग्राहकांना सेवा देणाऱ्या पण एफआययूकडे नोंद नसलेल्या नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा गेल्या. त्यांत बायनान्स, कुकॉइन, क्रॅकन, बिटफिनेक्स होते. त्यांची संकेतस्थळं भारतात बंद करायची शिफारसही झाली. पुढे कुकॉइन ३४.५ लाख रुपये दंड भरून नोंदणीकृत झालं. जून २०२४ मध्ये बायनान्सला १८.८२ कोटींचा दंड झाला, जानेवारी २०२५ मध्ये बायबिटला ९.२७ कोटींचा. भारतातल्या एखाद्या एक्सचेंजच्या दृष्टीने याचा अर्थ काय? आज 'नाही'च्या रकान्यात असलेला समोरचा सहा महिन्यांनी 'हो'च्या रकान्यात येऊ शकतो, आणि उलटही. २०२४ च्या सुरुवातीला केलेली यादी वर्षअखेरीस तशीच वापरली तर ती दोन्ही बाजूंनी चुकलेली असणार.

निर्बंधांच्या याद्याही अशाच बदलतात. टोर्नेडो कॅश हे नाणी घुसळून त्यांचा माग पुसणारं साधन अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंधांच्या यादीत टाकलं आणि मार्च २०२५ मध्ये यादीतून काढलं. पत्ते तेच, संगणकीय सूत्र तेच. बदललं ते यादीतलं स्थान. पण यादीतून निघालं म्हणून तिथून आलेलं नाणं डोळे मिटून घ्यावं असं मी म्हणणार नाही. बंदी उठणं वेगळं आणि विश्वास बसणं वेगळं.

आपल्या मुंबईत याच विश्वासयादीने घात कसा होतो ते १८ जुलै २०२४ ला दिसलं. वझीरएक्स या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली. त्या वॉलेटला सहा सह्या करणारे होते, पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल या नाणी सांभाळणाऱ्या कंपनीचा. व्यवहाराला वझीरएक्सच्या तिघांची आणि शेवटी लिमिनलची सही लागे. शिवाय नाणी कुठल्या पत्त्यांवर जाऊ शकतात याची 'व्हाइटलिस्ट' होती. थोडक्यात, समोरचा कोण हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं. वझीरएक्सच्या म्हणण्याप्रमाणे सह्या करणाऱ्यांना पडद्यावर जे दिसत होतं आणि प्रत्यक्षात ज्यावर सही होत होती, ते वेगळं होतं. दिसत होता नेहमीचा व्यवहार, सही झाली ती वॉलेटचा ताबाच दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मजकुरावर. चूक कुणाच्या बाजूला झाली यावर दोन्ही कंपन्यांचं एकमत झालं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचं म्हटलं. ज्यांची नाणी अडकली ते सामान्य ग्राहक सिंगापूरच्या न्यायालयातल्या पुनर्रचनेच्या कामकाजाकडे डोळे लावून बसले. एक्सचेंज पुन्हा सुरू झालं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये.

या घटनेबद्दल वाचताना मला पेढीवरचा मुनीम आठवत राहिला. हुंडी हातात घेऊन तो अक्षर ओळखायचा, खूण तपासायचा, वेगळ्या आलेल्या पत्राशी ताडून बघायचा. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या तरच पैसे. यादी, पडदा आणि सही एकाच वाटेने येत असतील तर ती वाट नासली की तिन्ही नासतात. म्हणून पत्त्याची खातरजमा वेगळ्या यंत्रावर आणि वेगळ्या माणसाने करायची, हा आग्रह आता जगभर धरला जातो आणि तो योग्य आहे.

खाजगी वॉलेटचं काय? तिथे समोर कंपनीच नाही, निरोप पाठवणार कुणाला? मग मालकी सिद्ध करून घेतात. त्या वॉलेटच्या चावीने एखाद्या मजकुरावर सही करून दाखवायची, किंवा सांगितलेली अगदी छोटी रक्कम तिथून पाठवून दाखवायची. या दुसऱ्या रीतीला 'सातोशी टेस्ट' म्हणतात. युरोपीय संघात ३० डिसेंबर २०२४ पासून हजार युरोंहून मोठ्या रकमेसाठी ग्राहकाला आपल्या खाजगी वॉलेटची मालकी दाखवावी लागते. यात माणसाच्या खाजगीपणावर थोडं आक्रमण आहे, हे मान्य. पण आपलीच वस्तू आपली आहे हे एकदा दाखवणं मला जाचक वाटत नाही.

आता परत विश्वासखंडात. भाच्याचं खातं सुटायला अकरा आठवडे लागले. त्याने एक्सचेंजवरच्या ऑर्डरचा उतारा, समोरच्याशी झालेली चॅट, बँकेचं स्टेटमेंट आणि पॅन असं सगळं एकत्र बांधून त्या राज्याच्या सायबर पोलिसांना पाठवलं. माझ्या सांगण्यावरून त्याने सुरुवातीलाच बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक लेखी घेतला होता; त्याच्याशिवाय पुढचा एकही दरवाजा उघडला नसता. विवादातले चाळीस हजार अडकलेलेच राहिले, बाकीचं खातं मोकळं झालं. ते चाळीस हजार त्या बाईला मिळावेत असं त्यानेच पोलिसांना लिहून दिलं.

वाचकांना माझी विनंती आहे. पीटूपीवर नाणी विकायची वेळ आलीच, तर ती एफआययूकडे नोंद असलेल्या एक्सचेंजवरच विका. रक्कम आल्याचा मेसेज पाहून बटण दाबू नका. बँकेचं ॲप उघडा आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचा. ते एक्सचेंजवरच्या नावाच्या माणसाचं नसेल तर नाणी सोडू नका, एक्सचेंजकडे वाद नोंदवा, आणि पैसे स्वतः परत पाठवण्याच्या फंदात पडू नका. उलट तुमचेच पैसे कुणी धमकावून भरायला लावले असतील, तर त्याच घटकेला १९३० फिरवा. पैसा पहिल्या खात्यात असतानाच तो अडवता येतो. तो एकदा टेथर होऊन देशाबाहेर गेला की परत येणं फार अवघड असतं.